काहीच न करायला लागणारा वेळ

सयाजी जगदाळे हा माणूस घरी चहा उकळत असतानाही घड्याळाकडे बघायचा. दूध आधी घातलं तर किती वेळ लागतो आणि साखर आधी घातली तर किती, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याची बायको सत्यभामा माहेरी गेली की आईला सांगायची, "बाकी काही व्यसन नाही, पण वेळ मोजतात." आई म्हणायची, "मोजू दे गं, दारूपेक्षा बरं." जावयाचं कौतुक या घराण्यात यापुढे कधी गेलंच नाही.

सत्यभामेचे वडील गंगाराम म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातले कांद्याचे जुने आडते. वाईहून येऊन त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गाळा उभा केला होता. त्यांच्या मते धंदा तोच, ज्याचा वास येतो. कांद्याचा येतो, बटाट्याचा येतो, लसणीचा तर शेजारच्या गाळ्यापर्यंत जातो. जावई तुर्भ्याच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून 'कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो' म्हणाला, तेव्हा त्यांनी हवेत नाक फिरवून हुंगलं होतं आणि म्हटलं होतं, "जावईबापू, ह्याला तर कायबी वास न्हाई."

सत्यभामा मधल्या मध्ये अडकली. तिनं व्यवहारी तोड काढली. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत एक वर्ष. तेवढ्यात धंदा पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर सयाजीनं सासऱ्यांच्या, म्हणजे गंगाराममामांच्या, गाळ्यावर बसायचं. सयाजीनं देवासमोर हो म्हटलं. आणि आता, पंच्याण्णव सालच्या दसऱ्याला, ते वर्ष संपलं होतं.

वर्षभरात त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं एक. पण ते होतं हत्तीएवढं, कारण ते हत्ती तोलू शकत होतं. तुर्भ्याच्या औद्योगिक रस्त्यावरचा ट्रक वजन करायचा काटा. ट्रक लोखंडी फलाटावर चढायचा, वजनाचा आकडा तारेतून केबिनमधल्या कॉम्प्युटरमध्ये यायचा आणि छापलेली पावती खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात पडायची. काट्याचा मालक हरेश हा गावचा भूमिपुत्र. बापाच्या शेतावर शहर उगवलं, उरलेल्या तुकड्यावर त्यानं काटा उगवला आणि त्याला बापाचं नाव दिलं : नामा काटा.

काट्याबरोबर आलेला मूळचा प्रोग्राम इंग्रजीत पावती छापायचा आणि कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती हरेशच्या आईची, जाईबाईंची. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात जाऊन त्या साठाव्या वर्षी अक्षरं शिकल्या होत्या, आणि आपल्या नवऱ्याच्या नावाची रोज शेकडो कागदं निघतात पण आपल्याला त्यातलं एकही वाचता येत नाही, हे त्यांना मानवत नव्हतं. त्यांनी सयाजीला सांगितलं, "पोरा, त्यांचा नाव मना वाचता यील असा छाप ना."

सयाजीनं सहा महिने खपून मराठी पावती तयार केली. त्या काळी साध्या प्रिंटरला मराठी कळत नसे, प्रत्येक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढावं लागे. वेलांटी म्हणजे एक लढाई आणि जोडाक्षर म्हणजे तह. पण जमलं. खंडेनवमीला काट्यावर पूजा झाली. फलाटाला हार, प्रिंटरला हार, कॉम्प्युटरला झेंडूचा सगळ्यात जाड हार. जाईबाईंनी कुंकवाची वाटी सयाजीच्या हातात दिली : तूच ह्याचा बामन, तूच लाव. सयाजीनं मनोभावे कुंकू लावलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली मराठी पावती निघाली. जाईबाईंनी बोट ठेवून वाचलं, "ना... मा..." आणि पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी ट्रक एकच होता आणि त्याचा ड्रायव्हर पेढा खात होता, त्यामुळे पावतीला किती वेळ लागला हे कुणी बघितलं नाही. सयाजीनंसुद्धा नाही. आयुष्यात एकदाच तो घड्याळाकडे बघायला विसरला, आणि तेही नको त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी काटा तुंबला.

ट्रक चढे, वजन होई, हरेश एका बोटानं ट्रकचा नंबर टाइप करी आणि मग सगळं थांबे. पडद्यावर काही नाही, प्रिंटर गप्प. ड्रायव्हर खाली उतरे, आळस देई, मागच्या ड्रायव्हरशी भांडण काढी, ते मिटवी आणि परत येई, तेव्हा कुठे प्रिंटर पहिली ओळ कुरकुरत काढायला लागलेला असे. लुधियानाहून आलेल्या एका सरदारजींनी खिडकीत डोकं घालून विचारलं, "भाईसाब, पर्ची छाप रहे हो या बुन रहे हो?" दुपारपर्यंत रांग वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली आणि वाहतूक पोलीस येऊन गेला.

गुरुवारी सामंतसाहेब आले. पलीकडच्या मोठ्या रसायन कारखान्याची माल पाठवणी त्यांच्या हातात, आणि काट्यावरचे निम्म्याहून अधिक ट्रक त्यांचेच. सामंत कारखान्याच्या क्रीडा महोत्सवात पंच असत, त्यामुळे एक स्टॉपवॉच कायम त्यांच्या गळ्यात. लोक जानवं घालतात तसं ते घालत. त्यांनी तीन ट्रक मोजले. मग हरेशला सांगितलं की शनिवारी दुपारी बाराला ते पुन्हा मोजतील. तोवर सुधारलं नाही तर सोमवारपासून त्यांचे ट्रक महाप्याच्या काट्यावर जातील.

ते गेल्यावर हरेश बराच वेळ नखं खात बसला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "सयाजीभाऊ, आईसाठी केलास, मला मान्य हाय. पण मराठी मरू दे आता. जुना इंग्रजी टाक परत."

सयाजीनं मनात हिशेब केला. जुना प्रोग्राम परत टाकायचा म्हणजे सहा महिने पाण्यात, आणि नवीन म्हणून दाखवायला हातात काहीच नाही. मग हरेश त्याला कशाला पुन्हा बोलावणार? आणि एकमेव गिऱ्हाईक गेलं की कांदे. त्यानं शनिवारपर्यंतची मुदत मागितली. हरेशनं दिली, पण वर म्हणाला, "शनवारी मी आईकडे बघनार नाय आणि तुझ्याकडं पन नाय. फक्त त्या सामंताच्या घड्याळाकडं बघेन."

सानपाड्याच्या घरात, पलंगाखालून अर्धवट बाहेर काढलेल्या टेबलावर सयाजीचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. काट्यावरच्या कॉम्प्युटरचा तो जुळा भाऊ. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच टॅक्सीच्या टपावरून आलेले. सत्यभामा कणीक मळत होती. मुदतीचं तिनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "वर्ष दसऱ्याला संपलंय. पण शनवार तर शनवार. दोन दिवसांनी कांदे काही कुजत न्हाईत."

आता प्रोग्रामचा वेळ मोजायचा कसा? मनगटावरच्या घड्याळानं एकूण वेळ कळतो, पण घरात चोरी झाली एवढं कळून काय उपयोग, चोर कोण ते कळायला हवं. म्हणून प्रोग्रामच्या पोटातच घड्याळ लावायचं. प्रत्येक काम सुरू होताना किती वाजले ते टिपायचं, संपताना पुन्हा टिपायचं, आणि वजाबाकी करायची. ट्रकचा नंबर शोधायला किती, वजन स्थिर होईपर्यंत थांबायला किती, अक्षरं जुळवायला किती. एकेका कामाला असं तराजूत घातलं की खादाड कोण ते आपोआप कळतं.

पण इथे एक गोम होती. कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदात फार तर अठरा वेळा टिकटिकायचं, आणि एक अक्षर जुळवायला त्याहून कितीतरी कमी वेळ लागायचा. मोजायला गेलं की उत्तर शून्य. सयाजीला काटा आठवला. ट्रकच्या काट्यावर लिंबू ठेवलं तर वजन शून्यच दाखवणार. मग लिंबाचं वजन कसं काढायचं? ट्रकभर लिंबं चढवायची आणि भागायचं. त्यानं 'क' हे अक्षर हजार वेळा जुळवलं आणि वेळेला हजारानं भागलं. पडद्यावर उत्तर आलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्यानं सत्यभामेला हाक मारली. तिनं पिठाच्या हातानं येऊन पाहिलं. नवरा तिला 'क' दाखवत होता.

खादाड सापडला. प्रोग्राम प्रत्येक अक्षरासाठी डिस्कवरची अक्षरांची पेटी उघडत होता, एक अक्षर काढून पेटी बंद करत होता आणि पुढच्या अक्षराला पुन्हा उघडत होता. मोहरीचा एकेक दाणा आणायला वाण्याकडे जाणाऱ्या सुनेसारखं. आणि ही सून सयाजीनंच पसंत केलेली. त्यानं सगळी अक्षरं एकदाच, सकाळी सकाळी आणून डब्यात भरून ठेवायची व्यवस्था केली. पावती झरझर तयार होऊ लागली. शुक्रवारी सकाळी फ्लॉपी खिशात घालून तो शीळ घालत तुर्भ्याला गेला आणि पूजेच्या हाराआडून चाचपडत त्यानं ती यंत्रात सरकवली. ट्रक चढला. हरेशनं नंबर टाकला. आणि सगळं थांबलं.

पूर्वीइतकं नव्हे, पण थांबलंच. ड्रायव्हर उतरला, आळस दिला आणि भांडण काढायला मागे गेला. फरक इतकाच की भांडण मिटायच्या आत पावती आली.

घरी पळतं ते इथे रांगतं कसं? सयाजीनं तिथल्या तिथे प्रोग्रामच्या पोटातली घड्याळं चालू केली, आणि घाईत एक घोडचूक केली. प्रत्येक अक्षरामागे वेळ पडद्यावर छापायला सांगितला. आता कॉम्प्युटर अक्षर कमी जुळवत होता आणि आपण किती वेळ घेतला हे जास्त लिहीत होता. कामापेक्षा कामाचा अहवाल मोठा झाला. काटा साफ ठप्प झाला. बाहेर हॉर्नचा जो कोरस उठला तो सानपाड्यापर्यंत गेला असावा. हरेशनं त्याला खांद्याला धरून उठवलं आणि दिवसभर हातानं पावत्या लिहिल्या.

परत जाताना सासऱ्यांनी निरोप पाठवला होता म्हणून तो बाजारात गेला. गंगाराममामांनी गाळ्यात स्वतःच्या गादीशेजारी दुसरी गादी घातली होती. नवीकोरी, पांढऱ्या खोळीची, लोडासकट. त्यांनी तिच्यावर थाप मारून दाखवली. प्रेमानंच. "कापूस चांगला भरलाय, जावईबापू. बसून तर बगा." सयाजी बसला. गादी खरोखरच मऊ होती, आणि त्यामुळेच त्याला रडू आल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी नऊला तो काट्यावर होता. ह्या वेळी त्यानं घड्याळं शहाण्यासारखी लावली. वेळ मनातल्या मनात साठवायचा, तोंड बंद ठेवायचं, आणि सगळं संपल्यावर एकदाच आकडे सांगायचे. ट्रकांच्या मधल्या फटीत त्यानं एकेक काम तोललं. नंबर शोधणं : घरच्या तिप्पट. अक्षर जुळवणं : घरच्या तिप्पट. ओळ आखणं : तिप्पट.

तो खुर्चीत मागे रेलला. बाप त्याचा माथाडी होता, हमालांच्या टोळीत जन्म गेलेला. टोळीतला एक हमाल ढिला पडला तर तो हमाल आळशी. पण अख्खी टोळी एकाच वेळी, एकाच मापानं ढिली पडली तर दोष हमालांचा नसतो. त्यांना सकाळपासून चहा मिळालेला नसतो.

खात्री करून घ्यायला त्यानं एक विचित्र प्रयोग केला. कॉम्प्युटरला सांगितलं की दहा लाख वेळा काहीही करू नकोस. नुसतं मोज, एक, दोन, तीन, पण काम शून्य. घरी हा प्रयोग त्यानं पूर्वी हौसेनं केला होता, आकडा पाठ होता. इथे उत्तर आलं : तिप्पट.

काहीच न करायलासुद्धा इथे तिप्पट वेळ लागत होता. असा अनुभव त्याला एरवी फक्त सरकारी कचेरीत आला होता.

म्हणजे प्रोग्राम निर्दोष होता. मराठी निर्दोष होती. काना, मात्रा, वेलांटी, सगळे बाइज्जत बरी. आजारी होतं ते यंत्र. पण यंत्राला झालं काय? साडेअकरा होऊन गेले होते. त्यानं वायर हलवून पाहिली, विजेचा दाब तपासला. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली उभा होता, आणि त्याच्या अख्ख्या तोंडावर खंडेनवमीचा तो जाड हार, वाळून तपकिरी झालेला, तसाच लोंबत होता. जाईबाईंचा दंडक होता, पूजेचा हार त्यांच्याशिवाय कुणी उतरवायचा नाही. त्या खाडीत सोडायच्या.

"हार काढू का?" सयाजीनं विचारलं.

"आई मारंल," हरेश म्हणाला. "देवळात गेलीय. यील आता."

बाहेर सामंतसाहेबांची स्कूटर थांबली. केबिनच्या लोखंडी पायऱ्यांवर त्यांचे बूट वाजू लागले. सयाजीनं डोळे मिटून जाईबाईंची मनातल्या मनात माफी मागितली आणि हार वर उचलला.

डब्याच्या तोंडावर यंत्राचा वेग दाखवणारा दोन आकड्यांचा लाल दिवा होता. घरच्या डब्यावर तो सहासष्ट दाखवायचा. इथे दाखवत होता बावीस. आणि त्याच्याखाली एक चौकोनी बटण होतं, कॉम्प्युटरचा वेग वाढवायचं आणि कमी करायचं. त्या बटणावर कुंकवाचा एक ठसठशीत, गोल, मनोभावे दाबून लावलेला टिळा होता. नवरदेवाच्या कपाळाला लावावा तसा. अंगठा सयाजीचा. त्यानं डब्याच्या प्रत्येक बटणाला कुंकू लावलं होतं, कुणी रुसू नये म्हणून. बाकीची बटणं यंत्र बंद असताना दाबून सोडली की काही बिघडत नाही. हे एकच असं की दाबलं की दाबलेलंच राहतं.

सामंत आत आले. त्यांनी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं. हरेश ठरल्याप्रमाणे त्या घड्याळाकडे बघू लागला. सयाजी टेबलाखाली ओणवा होता, त्यामुळे त्याच्याकडे बघण्याजोगं तसंही काही दिसत नव्हतं. त्यानं अंगठा त्याच टिळ्यावर ठेवला आणि दाबला. टक्. लाल दिव्यात सहासष्ट उमटलं.

ट्रक फलाटावर चढला. वजन आलं. हरेशनं एका बोटानं नंबर टाकला आणि बोट उचलायच्या आत प्रिंटर असा काही ओरडला की तो खुर्चीतच दचकला. ड्रायव्हरनं दार उघडून एक पाय पायरीवर ठेवला होता. दुसरा पाय अजून गाडीतच होता. पावती तयार होती.

सामंतांनी स्टॉपवॉच कानाला लावलं, झटकलं, आणि आणखी एक ट्रक चढवायला सांगितला. मग आणखी एक. तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर भांडायच्या तयारीनं बाह्या सरसावून उतरला होता. हातात पावती पडल्यावर तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग बाह्या खाली करून निघून गेला.

"इंग्रजीइतकीच लवकर," सामंत म्हणाले. वाण्याकडच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या ना, ती सून आता खरीच सुधारली होती. "काय दोष होता?"

सयाजीच्या जिभेवर तीन-चार भारदस्त इंग्रजी शब्द येऊन उभे राहिले. त्यातला कुठलाही चालला असता. पण त्याचा अंगठा लाल होता, आणि दारात जाईबाई उभ्या होत्या, हातात हाराची पिशवी घेऊन.

"मी पूजेला बटण दाबलं," तो म्हणाला. "कुंकू लावताना. यंत्र आठवडाभर मंद चाललं होतं."

हरेश सावकाश वळला. "म्हंजे रांग लागली, पोलीस आला, मी रात्री झोपलो नाय, ते तुझ्या अंगठ्यापायी?"

"हो."

"आनि सहा महिने केलेल्या मराठीत काय चूक नव्हती?"

"एक होती. ती परवा काढली."

हरेशनं रागावावं तर ट्रक सुटले होते आणि हसावं तर सामंत समोर होते. तेवढ्यात जाईबाईंनी विचारलं, "पन यंत्राला मंद करायचं बटन ठेवतात कशाला?" सयाजीनं समजावलं की जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर फार जोरात पळतात, म्हणून त्यांच्यासाठी. जाईबाईंनी नवलानं डब्याकडे पाहिलं. "म्हंजे धावतो म्हनून पाय बांधायचा. माझ्या सासूनं बनवला असंल तो." सामंतसाहेब हसले. कारखान्यातल्या कुणीही ते पूर्वी पाहिलं नव्हतं. सोमवारचे ट्रक इथेच येतील, असं सांगून ते पायऱ्या उतरले.

त्या संध्याकाळी सत्यभामेनं सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याचा अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि मुदत पुढच्या दसऱ्यापर्यंत वाढवली. गंगाराममामांनी नवी गादी दुसऱ्या कुणाला दिली नाही. ते दुपारी तिच्यावर पाय ठेवतात. दिवाळीच्या आत महाप्याच्या काटेवाल्याचा निरोप आला, त्यालाही पावती मराठीत हवी होती.

नामा काट्यावर त्या बटणाला आता सोड्याच्या बाटलीचं बूच चिकटपट्टीनं लावलेलं आहे, आणि खंडेनवमीचं कुंकू बुचावर लागतं. शिवाय सयाजीनं प्रोग्रामच्या सुरुवातीला एक छोटं काम घालून ठेवलं. रोज सकाळी यंत्र चालू केलं की ते आधी दहा लाख वेळा काहीही करत नाही, आणि त्याला किती वेळ लागला ते बघतं. वेळ बरोबर असला तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द येतात. शब्द जाईबाईंनी सांगितलेले. त्या रोज सकाळी खिडकीशी येतात, बोट रोखून वाचतात, "ब... रा... हाय," आणि मगच पहिल्या ट्रकला हात करतात.